मारहाणीची केस: एका ठोशाला एनसी की सात वर्षं?

हातरुमालाची घडी उलगडून त्यांनी माझ्या टेबलावर अर्धा दात ठेवला. वरचा, पुढचा. सोमवार दुपारची वेळ, खाली कोर्टनाक्यावर रिक्षांचा गोंगाट. आदल्या रात्री मानपाड्याला त्यांच्या सोसायटीत पार्किंगवरून शेजाऱ्याशी वाजलं होतं आणि शेजाऱ्याने तोंडावर एक ठोसा ठेवून दिला होता.

"पोलिसांनी एनसीचा कागद हातात दिला आणि घरी पाठवलं, वकीलसाहेब. दात पडला तरी एनसीच?"

"दात तुटल्याचं सांगितलंत का?"

"तोंड सुजलेलं, बोलता कुठे येत होतं? मारलं, रक्त आलं, एवढं सांगितलं."

"मग सिव्हिलला गेलात?"

"नाही हो. घरी येऊन बर्फ लावला."

एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची पोलिसांनी घेतलेली नुसती नोंद. या दोन उत्तरांत सगळी केस होती. मारहाणीत कोणतं कलम लागणार हे तुम्ही किती चिडलात किंवा समोरचा किती नालायक आहे यावर ठरत नाही. जखम काय, कशाने झाली आणि पहिल्या दिवशी कागदावर काय आलं, यावर ठरतं. पहिल्या दोन गोष्टी घडून गेलेल्या असतात. तिसरी मात्र तुमच्या हातात असते आणि लोक नेमकी तीच सोडतात.

आधी शब्दांचा घोळ

इंग्रजी मालिका बघणारी तरुण मंडळी 'असॉल्ट अँड बॅटरी'ची केस टाकायची म्हणतात. आपल्या फौजदारी कायद्यात 'बॅटरी' नावाचा गुन्हाच नाही. ती जोडी इंग्लंड-अमेरिकेच्या कायद्यातली. आपल्याकडे त्याचे तीन थर आहेत: हमला, फौजदारीपात्र बलप्रयोग आणि दुखापत.

हमला म्हणजे प्रत्यक्ष मारणं नव्हे. मूठ आवळून कोणी अशा रीतीने अंगावर आला की आता हा मारणार असं समोरच्याला वाटावं, तर तो हमला झाला, मग हात लागो न लागो. नुसती शिवीगाळ हमल्यात बसत नाही. बलप्रयोग म्हणजे गर्दीत मुद्दाम दिलेला धक्का, धरलेली कॉलर, अंगावर सोडलेला कुत्रा. या दोन्हींना भारतीय न्याय संहितेच्या कलम १३१ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वेदना झाली की आपण 'दुखापत' या तिसऱ्या थरावर येतो आणि कोर्टात येणाऱ्या बहुतेक केसेस तिथल्याच असतात.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी न्याय संहिता आली आणि कलमांचे आकडे बदलले. त्याआधी घडलेल्या घटनेला मात्र आजही जुनीच कलमं लागतात. लोकांच्या तोंडीही अजून जुनेच आकडे आहेत. तीनशे तेवीस, पाचशे चार, पाचशे सहा हे त्रिकूट ठाण्यात पोरासोरांनाही पाठ. आता ते ११५(२), ३५२ आणि ३५१(२) झालं आहे: साधी दुखापत, शांतता भंग व्हावी म्हणून केलेला अपमान आणि धमकी. तुमच्या एनसीवर हेच तीन आकडे असण्याची शक्यता मोठी आहे.

साधी की जबर

कलम ११५(२) म्हणजे साधी दुखापत: थप्पड, लाथ, ओरखडे, मुका मार. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या कायद्यात दंड फक्त एक हजार होता. हा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. म्हणजे पोलीस त्याची नोंद घेतील, पण न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. 'पोलिसांनी काहीच केलं नाही' या तक्रारीमागे पुष्कळदा हे कारण असतं. काही वेळा पोलिसांचा आळसही असतो, ते नाकारत नाही.

खरी मेख कलम ११६ मध्ये आहे. 'जबर दुखापत' म्हणजे काय याची आठ प्रकारांची यादी तिथे दिली आहे. एखाद्या डोळ्याची दृष्टी किंवा कानाचं ऐकणं कायमचं जाणं, अवयव किंवा सांधा गमावणं किंवा कायमचा निकामी होणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, पुरुषत्व नष्ट होणं हे प्रकार ऐकल्याबरोबर पटतात. पण त्याच यादीत हाड किंवा दात मोडणं अथवा निखळणंही आहे. करंगळीच्या हाडाला एक्स-रेत केसाएवढी चीर दिसली तरी ती कायद्याने जबर दुखापत. शेवटच्या प्रकारात जिवाला धोका निर्माण करणारी जखम येते, तसंच पंधरा दिवस तीव्र वेदना देणारी किंवा तेवढे दिवस रोजचे व्यवहार बंद पाडणारी जखमही येते. पूर्वी हे वीस दिवस होते.

जबर दुखापतीला कलम ११७(२) खाली सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. गुन्हा दखलपात्र, पण जामीनपात्र. म्हणजे हातरुमालातल्या त्या अर्ध्या दाताने केस एक वर्षावरून सात वर्षांवर नेली होती, फक्त तो दात अजून कोणत्याही कागदावर आला नव्हता.

एक बारकावा आरोपीच्या बाजूचाही आहे. जबर दुखापत व्हावी असा इरादा होता, किंवा तशी होईल याची जाणीव होती, हेही सरकार पक्षाला दाखवावं लागतं. हलक्या धक्क्याने कोणी पायरीवर पडला आणि हाड मोडलं, तर तिथे बचावाला वाव असतो. पूर्ण ताकदीने तोंडावर ठोसा मारणाऱ्याला तो मिळणं कठीण.

मार खाणाऱ्याला कायमचं अपंगत्व आलं किंवा तो कायमचा बेशुद्धावस्थेत गेला तर ११७(३) लागतं. किमान दहा वर्षं, कमाल मरेपर्यंत जन्मठेप. हे उपकलम नवीन संहितेने आणलं.

हातात काय होतं

चाकू, कोयता, पिस्तूल, किंवा जिच्या वापराने जीव जाऊ शकतो अशी कोणतीही वस्तू, शिवाय आग, उकळतं पाणी, विष यांनी दुखापत केली तर कलम ११८. साधी जखम असेल तर ११८(१): तीन वर्षांपर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जबर जखम असेल तर ११८(२): किमान एक वर्ष, कमाल दहा वर्षं किंवा जन्मठेप, आणि दंड. दोन्ही दखलपात्र आणि अजामीनपात्र. इथे आरोपीला अटकेनंतर जामिनासाठी कोर्टाचीच पायरी चढावी लागते.

घोडबंदर रोडवरच्या भांडणात कोयता क्वचितच असतो. तिथे हेल्मेट असतं, क्रिकेटची बॅट असते, फुटपाथचा सुटलेला पेव्हर ब्लॉक असतो. तो कसा, कुठे आणि किती जोराने मारला यावर तो 'घातक हत्यार' ठरतो की नाही ते अवलंबून. डोक्यात घातलेला पेव्हर ब्लॉक आणि पायावर फेकलेला पेव्हर ब्लॉक या दोन वेगळ्या केसेस आहेत. डोक्यातल्या घावात मारून टाकण्याचा इरादा दिसला तर पोलीस सरळ कलम १०९, खुनाचा प्रयत्न लावतात: दहा वर्षांपर्यंत, आणि त्यात दुखापत झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत. चावा घेणाऱ्यांचाही प्रश्न येतो, हसू नका. माणसाचे दात घातक हत्यारात मोडत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने शकील अहमद खटल्यात म्हटलं आहे.

मार कोणाला, मारणारे किती

स्त्रीच्या विनयभंगाच्या इराद्याने हमला किंवा बलप्रयोग केला तर कलम ७४: किमान एक, कमाल पाच वर्षं, अजामीनपात्र. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या छळात मारहाण असेल तर कलम ८५ आणि कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा असे दोन वेगळे रस्ते आहेत. त्यावर स्वतंत्रच लिहायला हवं.

कर्तव्यावरच्या सरकारी नोकराला, मग तो वाहतूक हवालदार असो की पालिकेचा कर्मचारी, अडवण्यासाठी हात उगारला तर कलम १३२: दोन वर्षांपर्यंत, दखलपात्र, अजामीनपात्र. त्याला दुखापत झाली तर कलम १२१ आणि शिक्षा आणखी वर. दवाखान्यात डॉक्टरवर किंवा नर्सवर हात टाकणाऱ्यांसाठी महाराष्ट्राचा २०१० चा वेगळा कायदा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, शिवाय मोडतोडीची भरपाई.

एकाने मारलं आणि दोघांनी धरून ठेवलं, तर समान इराद्याखाली तिघेही सारखेच गुन्हेगार. 'मी नुसता धरला होता' हा बचाव मी असंख्य वेळा ऐकलाय, चालताना क्वचितच पाहिला. पाच किंवा जास्त जण असतील तर बेकायदेशीर जमाव आणि दंग्याची कलमंही जोडली जातात.

मार खाल्ला असेल तर: पहिले चोवीस तास

जीव धोक्यात असेल तर ११२ लावा आणि आधी दवाखाना गाठा. 'पोलीस केस आहे, आधी पोलिसांकडे जा' असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. तातडीचे उपचार पोलिसी कागदांसाठी अडवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ सालीच सांगितलंय.

जखम जिवावरची नसेल तर आधी पोलीस ठाण्यात जा आणि ठाणे अंमलदाराकडून 'मेडिकल यादी' मागून घ्या. ही यादी म्हणजे सरकारी दवाखान्याच्या नावे पोलिसांचं पत्र. ती घेऊन सिव्हिल, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा वाशीचं महापालिका रुग्णालय, जे जवळ असेल तिथे जायचं. तिथे एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस, म्हणून नोंद होते आणि पुढे जखमेचं प्रमाणपत्र त्यावरूनच बनतं.

डॉक्टर विचारतात, कशाने मारलं, कधी, कुठे. या उत्तरांना सांभाळा. लाजेने 'पडलो' म्हणणारे खूप असतात, विशेषतः घरात मार खाल्लेल्या बायका. तो एक शब्द पुढे दोन वर्षांनी उलटतपासणीत आरोपीच्या वकिलाच्या हातात जातो. जिथे जिथे दुखतंय ती प्रत्येक जागा दाखवा. दात हलतोय, कानात घुमतंय, बोट वाकत नाही, हे सगळं सांगा आणि एक्स-रे करून घ्या. रात्री एनसी झाली आणि सकाळी एक्स-रेत फ्रॅक्चर निघालं, तर तो अहवाल घेऊन पुन्हा पोलीस ठाण्यात जायचं आणि लेखी अर्ज द्यायचा. प्रकरणातला एक जरी गुन्हा दखलपात्र असला तरी सगळं प्रकरण दखलपात्र मानलं जातं.

जबाब देताना जे घडलं तेच आणि क्रमाने सांगा. चौघांची नावं ओघात आली म्हणून आरोपीचा म्हातारा बाप आणि वहिनी त्यात घुसडू नका. हा मोह फार जणांना होतो, आणि त्या दोन खोट्या नावांपायी उरलेली खरी नावंही कोर्टात डळमळतात. जबाब मराठीत वाचून घ्या, चुकलेलं दुरुस्त करायला लावा, मगच सही करा. गुन्हा दाखल झाला तर एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे.

हद्दीवरून टोलवाटोलवी झाली तर घाबरू नका. ऐरोलीत मार खाल्ला आणि तुम्ही कळव्याच्या पोलीस ठाण्यात पोचलात, तरी दखलपात्र गुन्हा तिथेच 'झिरो' क्रमांकाने नोंदवून नवी मुंबईकडे वर्ग करता येतो. ठाणे स्टेशनच्या फलाटावर किंवा लोकलमध्ये झालं असेल तर ते लोहमार्ग पोलिसांचं काम. तक्रार ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते.

आता सीसीटीव्ही. सोसायटीच्या डीव्हीआरवर जुनं चित्रण काही दिवसांत पुसून नवं चढतं. त्याच दिवशी सेक्रेटरीला लेखी पत्र द्या, पोचपावती घ्या, तपासी अंमलदारालाही लेखी कळवा. मोबाइलने स्क्रीनचं चित्रण करून ठेवलं तर ते तुमच्या आठवणीपुरतं. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. जुन्या कायद्यातली तीच अट सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली खोतकर-गोरंट्याल या आपल्या जालन्याच्या निवडणूक वादात पक्की केली. रक्ताचा शर्ट धुऊ नका. कागदी पिशवीत ठेवा, पोलीस पंचनामा करून ताब्यात घेतील.

एनसीवर बोळवण झाली तर

खरोखरच साधी दुखापत असेल तर एनसी कायदेशीरच आहे. पुढचे दोन मार्ग उघडे असतात: तपासाचा आदेश मिळावा म्हणून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, किंवा थेट खासगी फिर्याद. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत खासगी फिर्यादीची दखल घेण्याआधी समोरच्यालाही म्हणणं मांडायची संधी देतात, त्यामुळे थोडा वेळ जातो. मुदत विसरू नका. नुसता ११५(२) चा गुन्हा असेल तर फिर्याद एक वर्षाच्या आत कोर्टात दाखल व्हायला हवी. कपाटात एनसी जपून दोन वर्षांनी येणारे अशील मी पाहिले आहेत. त्यांना चहा पाजण्यापलीकडे मारहाणीपुरतं फारसं काही करता येत नाही.

गुन्हा उघड दखलपात्र असूनही एफआयआर घेत नसतील तर? असा गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे, असं ललिता कुमारी निकालात २०१३ साली ठरलंय. नागरिक सुरक्षा संहितेने एक फट ठेवली आहे. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवस प्राथमिक चौकशी करता येते. त्यापलीकडे टाळाटाळ झाली तर तक्रार लेखी स्वरूपात परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना पाठवा. त्यानेही हललं नाही तर प्रतिज्ञापत्र जोडून त्याच संहितेच्या कलम १७५(३) खाली कोर्टात अर्ज करा. उपायुक्तांना आधी पाठवल्याचा पुरावा नसेल तर हा अर्ज अडतो, म्हणून पोस्टाची पावती जपा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

तुमच्यावरच केस झाली असेल तर

पळू नका, फोन बंद करू नका, आणि फिर्यादीच्या दारात जाऊन 'समजावू' नका. त्यातून धमकीचं नवीन कलम लागतं.

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही. पोलीस नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस देतात. नोटीस पाळत राहिलात तर सहसा अटक होत नाही, आणि करायचीच झाली तर पोलिसांना कारणं लिहावी लागतात. न्याय संहितेचं कलम ११८ किंवा १०९ असेल तर मात्र वेळ घालवू नका, सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करा. जामीनपात्र कलमात जामीन हा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नाही.

तुम्हालाही लागलं असेल तर तुमचीही मेडिकल करून घ्या. दोन्हीकडून तक्रारी, म्हणजे क्रॉस केस, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. स्वसंरक्षणाचा बचाव खरा असतो, पण त्याला दोन मर्यादा आहेत: गरजेपेक्षा जास्त इजा नको आणि धोका संपल्यावर मार नको. तो पळत सुटल्यावर मागे धावून पाठीत काठी घातलीत तर ते स्वसंरक्षण राहत नाही. आणि पाठीवरचा वळ डॉक्टरच्या कागदावर पाठीवरच लिहिला जातो.

एनसीनंतर पोलीस 'चॅप्टर'ची नोटीसही देतात. शांतता राखण्याचा बाँड, जास्तीत जास्त एक वर्षाचा. ती शिक्षा नव्हे, पण बाँड मोडला तर महागात पडतं. गुन्हा सिद्ध झाला तरी पहिलाच असेल, स्वभाव आणि परिस्थिती पाहता कोर्टाला पटलं, तर परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सुटका होऊ शकते. परदेशी नोकरीच्या तयारीत असणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की खटला चालू असताना पासपोर्टसाठी कोर्टाची परवानगी लागते.

मिटवायचं असेल तर

पोलीस ठाण्यात 'आपसात मिटलं' असं लिहून दिल्याने दाखल झालेला गुन्हा संपत नाही. ११५(२) मध्ये ज्याला मार लागला तो स्वतः तडजोड करू शकतो. ११७(२) मध्ये त्याला कोर्टाची परवानगी लागते. ११८ तडजोडीच्या यादीतच नाही. तिथे दोन्ही बाजूंनी मिळून उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करून मागावा लागतो, आणि जखम गंभीर असेल तर न्यायालय नकारही देतं. पैसे घेऊन मिटवणार असाल तर रक्कम चेकने घ्या आणि संमतीपत्रात लिहा. रोखीचं आश्वासन आणि आधी सही, या क्रमाने फसलेले फिर्यादी कमी नाहीत.

दातवाल्या अशिलांचं काय झालं? त्याच दुपारी त्यांना यादी मिळाली, सरकारी दंतवैद्याने 'दात मोडलेला' असं लिहून दिलं आणि तिसऱ्या दिवशी ११७(२) खाली गुन्हा दाखल झाला. शेजाऱ्याने क्रॉस तक्रार दिली, तिची एनसी झाली. सव्वा वर्षाने दोघांच्या बायकांनी आधी आपसात बोलणं सुरू केलं, मग हे दोघे माझ्याकडे एकत्र आले. न्यायाधीशांनी फिर्यादीला दोनदा विचारलं, कोणाचा दबाव आहे का, आणि मग परवानगी दिली.

पंचनाम्यात जप्त झालेला अर्धा दात मुद्देमालाच्या पाकिटात होता. परत हवा असेल तर अर्ज करावा लागेल, असं मी सांगितलं. त्यांनी कृत्रिम दातावरून जीभ फिरवली आणि म्हणाले, "राहू दे तिथेच."